हंड्याच्या पोटातली कुत्री

गोष्ट जुनी आहे. डोंगराच्या पायथ्याला राखणवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात सुगीच्या दिवसांत, बरोबर आठ दिवस, मोडक्यातोडक्या वस्तूंचे कुत्रे उभे राहत.

त्याचं कारण म्हातारी माणसं असं सांगत. एका सुगीला सगळं गाव तापाने अंथरुणाला खिळलं. उठून पाणी प्यायचीही कुणात ताकद उरली नाही. शेतात कणसं भरलेली आणि गुरं रानात. तेव्हा गावातल्या कुत्र्यांनी शेतं राखली आणि रोज संध्याकाळी गुरं वळवून गोठ्यापर्यंत आणली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेवढ्या दिवसांत कुणी भाकरीचा तुकडाही टाकला नव्हता. माणसं बरी झाली तेव्हा त्यांनी ठरवलं की दर सुगीला घरटी एक कुत्रा करायचा, तोही टाकाऊ वस्तूंचा. आपण जे उकिरड्यावर टाकतो त्यावर जगणारा जीव आपलं दार राखतो, हे लक्षात राहावं म्हणून. नवव्या दिवशी तो मोडायचा आणि पत्रा, खिळे, दोर ज्याला लागतील त्याला द्यायचे. उपकार एकदाच मूर्ती उभारून फिटत नाहीत, दर वर्षी पुन्हा हात लावावा लागतो, असं ती माणसं म्हणत.

पुढे वर्षं गेली. हात बसले तसे कुत्रे देखणे होत गेले. कुणी फुटक्या बांगड्यांचा पट्टा करी, कुणी झिजलेल्या वहाणांचे कान लावी. आठव्या दिवशी सगळे कुत्रे खांद्यावर घेऊन गावाची शीव फिरायची, आणि ज्याचा कुत्रा पंचांच्या मनात भरेल त्याने गावाकडे एक मागणं मागायचं, अशी रीत पडली. मग चुरस लागली. आणि चुरस लागल्यावर गावाला खऱ्या कुत्र्यांची अडचण होऊ लागली. ती यायची, नव्या कुत्र्याला हुंगायची आणि त्याच्यावर तंगडी वर करायची. दोराची शेपूट तर एका दिवसात पळवायची. तेव्हा गावाने तोड काढली. सणाच्या पहिल्या दिवशी गावातली सगळी कुत्री काठ्या घेऊन ओढ्यापलीकडे हाकलायची आणि जिथून ओढा ओलांडता येतो त्या उतारावर दोन माणसं बसवायची. आठ दिवसांचा तर प्रश्न, असं प्रत्येक जण म्हणे. कुत्र्यांचे उपकार मानायच्या दिवसांत कुत्रीच उपाशी राहतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका सुगीला त्या गावात एक कल्हईवाला आला. सोबत एक गाढव, भाता आणि म्हातारी आई. माणूस हाताचा कसबी होता, पण स्वभावाने बुजरा. भांड्याला कल्हई लावताना त्याचा हात सफाईने फिरे, पण कुणी चार शब्द बोललं की मान खाली जाई. गावोगाव फिरण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. आता आईचे गुडघे गेले होते. तिला गाढवावर बसवून तरी किती गावं करणार? एखाद्या गावात झोपडीपुरती जागा मिळाली तर आईला पाय पसरून बसता येईल, एवढीच त्याची इच्छा होती. पण जागा मागायला तोंड उघडायला हवं, आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं.

सणाची रीत त्याच्या कानावर आली तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला बोलता येत नाही, पण करता तर येतं. कुत्रा चांगला झाला तर गावच विचारील काय पाहिजे ते.

पाटलीणबाईंनी त्याला गावजेवणाचा मोठा हंडा दिला. तांब्याचा, दोन माणसांनी उचलावा एवढा, पण बुडाशी असा तडकलेला की डाग देऊनही उपयोग नव्हता. कल्हईवाल्याने तो आडवा घातला आणि त्याचं कुत्र्याचं पोट केलं. नांगराच्या जुन्या फाळांचे पाय केले. मोडक्या कढईचं डोकं, लाकडी फणीचे दात, विहिरीच्या विरलेल्या सोलाची, म्हणजे जाड दोराची, शेपूट. त्याला दार नव्हतं, म्हणून खळ्याच्या कडेला, जिथे त्याने पाल ठोकलं होतं तिथेच, त्याने कुत्रा उभा केला. हंड्याचं तोंड मागच्या बाजूला उघडंच राहिलं, कारण झाकायला पत्रा उरला नव्हता.

पण समोरून तो कुत्रा असा दिसे की माणसं थबकत. कान टवकारलेले आणि एक पाय किंचित उचललेला, जणू त्याने काही तरी ऐकलंय. पाटील दोनदा येऊन बघून गेले. तेलीणकाकू, जिचा कुत्रा मागची तीन वर्षं पंचांच्या मनात भरत होता, तीही येऊन गेली आणि काही न बोलता गेली. तिचं न बोलणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे गावाला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी डोंगरावरून एक वानर उतरलं. तेलीणकाकूच्या कुत्र्याच्या डोक्यावर बसून त्याने निवांत कणीस सोललं आणि गेलं. लोक पोट धरून हसले. पाचव्या दिवशी तीन वानरं आली. तेव्हाही लोक हसले, पण जरा कमी.

सहाव्या दिवशी सकाळी कल्हईवाल्याला हंड्यातून कुंईकुंई ऐकू आली. वाकून पाहिलं तर आत एक तांबडी कुत्री आणि तिला बिलगलेली चार पिल्लं. मागच्या एका पायाने ती लंगडी होती. पोट जड, पाय अधू, तेव्हा ओढा ओलांडता न आल्याने ती कुठे तरी दडून राहिली असावी आणि वेळ भरल्यावर आडोसा शोधत इथे आली असावी.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. तेलीणकाकू बघायला आली तेव्हा तिला बोलायला सापडलं. "कल्हईवाले, हा राखणीचा कुत्रा केलात की बाळंतिणीची खोली?" लोक हसले. कल्हईवाला खाली बघत राहिला.

संध्याकाळी पाटील आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की पंचांचं मन तुझ्याच कुत्र्यावर आहे. पण शीव फिरलेल्या कुत्र्याचाच विचार होतो, ही वाडवडिलांची रीत आहे, आणि पोटात पिल्लं घेऊन हंडा काही खांद्यावर चढणार नाही. त्या कुत्रीला काढ आणि ओढ्यापलीकडे पोचव.

"तुला जागा हवी आहे, हे मला कळतं," पाटील जाता जाता म्हणाले. "तुझ्या आईकडे बघितलं की कळतं. एक कुत्री आणि एक म्हातारी. तूच ठरव."

सातव्या दिवशी सकाळी कल्हईवाला टोपली घेऊन हंड्याशी बसला. पिल्लं टोपलीत घालायची आणि पलीकडे नेऊन ठेवायची, कुत्री आपोआप मागे येईल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याने हात आत घातला. कुत्री गुरगुरली नाही. तिने त्याचा हात हुंगला, चाटला आणि जरा मागे सरून पिल्लांजवळ त्याच्या हाताला जागा करून दिली. पिल्लं अजून डोळे मिटून होती. एकाने त्याचं बोट तोंडात धरलं.

तो तसाच बसून राहिला. मग रिकामी टोपली घेऊन आईजवळ आला. सगळं तिला माहीत होतंच.

"आई, काढत नाही म्हटलं तर जागा जाईल."

"जाईल," आई म्हणाली.

"पुन्हा चालावं लागेल तुला."

आई गुडघ्यांना तेल चोळत होती. चोळता चोळता ती म्हणाली, "तू कुठे झालास ठाऊक आहे? एका गावाबाहेरच्या गोठ्यात. कळा सुरू झाल्या तेव्हा पुढे गेलो नाही, घुसलो तिथेच. सकाळी घरधनीण आली. मला वाटलं, आता हाकलणार. तिने म्हशी बाहेर बांधल्या आणि मला गरम पाणी आणून दिलं. बारा दिवस तिच्या म्हशी उघड्यावर होत्या."

"कोण होती ती?"

"नाव विचारायचं राहिलं. आणि आता जाऊन तिला काय देणार? तिचं देणं इथे फेड."

कल्हईवाल्याने टोपली पालात ठेवून दिली. मग तो पाटलांकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या ओसरीवर न बोलावता चढला होता. त्याने सांगितलं की माझा कुत्रा शीव फिरणार नाही, आणि सण संपला की आम्ही पुढच्या गावाला जाऊ, पण पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत हंडा कुणी मोडू नये. एवढं बोलायला त्याला घाम फुटला. पाटलांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुझी मर्जी."

आठव्या दिवशी दुपारी सगळं गाव कुत्रे खांद्यावर घेऊन, हलगी वाजवत शीव फिरायला निघालं. खळ्यात वर्षाची ज्वारी पसरलेली होती. त्या दिवशी राखणीला माणूस ठेवायची रीत नव्हती. मागे राहिले ते कल्हईवाला, त्याची आई आणि हंड्यातली कुत्री.

हलगीचा आवाज लांब गेला तशी डोंगरावरून वानरं उतरली. एक नाही, तीन नाहीत. चाळीसेक असतील. ओढ्याअलीकडे एक कुत्रं भुंकत नाही, हे त्यांनी आठ दिवस पाहिलं होतं. ती खळ्यात अशी शिरली की जणू त्यांना पत्रिका देऊन बोलावलं होतं. कल्हईवाला भात्याची नळी घेऊन धावला. एका बाजूची उठवावी तर दुसऱ्या बाजूला बसत. आई बसल्या जागेवरून काठी आपटत होती. कणसं खाण्यापेक्षा उधळलीच जास्त जात होती.

एक हुप्या हंड्याजवळ गेला आणि त्याने आत डोकावलं. तशी कुत्री भुंकली.

ती हंड्याच्या आत भुंकली. तो आवाज कुत्रीचा राहिलाच नाही. एवढ्या मोठ्या तांब्याच्या पोटातून तो असा घुमत बाहेर पडला की कल्हईवाल्याच्याही हातातली नळी पडली. हुप्या उलटा उडाला. वानरं जागच्या जागी थिजली. कुत्री भुंकतच राहिली, आणि प्रत्येक भुंकणं डोंगरावर आपटून परत येत होतं.

ते ओढ्यापलीकडे पोचलं. तिथे आठ दिवसांची उपाशी कुत्री सावलीला पडली होती. ज्यांनी त्यांना काठ्यांनी हाकललं होतं, खळं त्यांचंच होतं. पण कुत्र्याला असा हिशेब येत नाही. ती सगळी उठली, उतारावरच्या दोन माणसांच्या पायांतून निसटली आणि पाणी उडवत खळ्यात घुसली. पुढचं फार सांगायला नको. वानरं डोंगरावर गेली. सुगी वाचली.

गाव धावत परतलं तेव्हा खळ्याच्या चारी बाजूंना भिजलेली, बरगड्या दिसणारी कुत्री धापा टाकत बसली होती. ज्वारीला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. माणसांच्या खांद्यांवर नटवलेले, बांगड्यांचे पट्टे घातलेले कुत्रे होते, आणि समोर हे.

पाटलांनी आपला कुत्रा खाली ठेवला. एक कान फाटलेलं म्हातारं कुत्रं उठलं, त्या कुत्र्याला हुंगून त्याच्यावर तंगडी वर करून परत जाऊन बसलं. सगळ्यांनी पाटलांच्या तोंडाकडे पाहिलं.

"राहू द्या," पाटील म्हणाले. "आपल्या उपकार मानण्याची ही पोच मिळाली." आणि सगळ्यांत आधी ते घराकडे वळले, भाकरी आणायला.

त्या दिवशी गावात माणसांच्या आधी कुत्री जेवली. मग पंच बसले. रीत होती ती होतीच. शीव फिरलेल्या कुत्र्यांत तेलीणकाकूचा कुत्रा चांगला होता, आणि मागणं तिला मिळालं. तिला तेलाच्या घाण्यात फिरणारी नवी लाकडी लाट हवी होती. हे तिने वर्षभर सगळ्या गावाला ऐकवलं होतं. ती उभी राहिली, पदर खोचला, कल्हईवाल्याकडे बघितलं आणि जरा घुश्शातच म्हणाली, "माझी जुनी लाट अजून दोन वर्षं काढील. या माणसाला खळ्याशेजारची जागा द्या. म्हातारीला कुठवर फिरवणार तो?"

पाटलांनी हो म्हटलं, पंचांनी हो म्हटलं. कल्हईवाल्याने हात जोडले. बोलायचं पुष्कळ होतं. पण त्याला एवढंच म्हणता आलं, "काकू, तुमच्या घरची भांडी आणा. सगळी."

"आणते की," तेलीणकाकू म्हणाली. "सतरा आहेत."

नवव्या दिवशी गावाने आपापले कुत्रे मोडले, पण हंडा तसाच राहिला. पिल्लांचे डोळे उघडले, ती दुडदुडू लागली आणि एका सकाळी कुत्री त्यांना घेऊन आपणहून कल्हईवाल्याच्या नव्या झोपडीच्या सावलीला येऊन बसली. तेव्हा त्याने हंडा सोडवला. तांबं कापलं, ठोकून पसरट केलं आणि त्याच्या उथळ वाट्या केल्या. प्रत्येक वाटीला आतून चांदीसारखी कल्हई लावली. आई दारात पाय पसरून बसली होती. ती एकेक वाटी उन्हात धरून बघे, कुठे हात सुटला असेल तर दाखवी. मग तो वाट्या घेऊन निघाला आणि मान खाली न घालता प्रत्येक दारासमोर थांबून म्हणाला, "कुत्र्यांच्या पाण्यासाठी आहे. रोज भरा." आणि घरोघरच्या बायका पाणी घेऊन बाहेर आल्या.

तात्पर्य: ज्याच्या उपकारांची आठवण म्हणून मूर्ती उभारायची, तो जीव दाराशी उपाशी नाही ना, हे आधी पाहावं. आणि ज्याचं देणं त्याला परत करता येत नाही, ते समोर येईल त्या गरजवंताला द्यावं.