लोहाराचा भाता

संध्याकाळी हैबती लोहारांच्या भट्टीतल्या ठिणग्या काजव्यांसारख्या तरंगत होत्या. भाता ओढता ओढता किसना खोकत होता. आरोग्यसेविका यमुनाताईंनी त्याला बिडी सोडायला राजी केलं होतं, पण मालक हसले की त्याचा निश्चय वितळायचा. म्हणून आज ताई भट्टीवरच आल्या होत्या.

"ताई, धुरानं लोहाराची छाती पक्की होते!" हैबती झुरका घेत म्हणाले.

"मग मालक, भात्यालाही धूरच ओढू द्या की. तोही पक्का होईल," यमुनाताई म्हणाल्या.

"खुळ्या का काय तुम्ही? कातडं करपून तडकेल त्याचं!"

"तडकू द्या. भात्याला नवं कातडं शिवता येतं."

किसनानं खिशातलं बंडल जाळात टाकलं. मग मालकांचाही हात बिडीसकट हळूच जाळाकडे आला, आणि दोन ठिणग्या जोडीनं आभाळाकडे तरंगत गेल्या.