अकरा सेकंद

नाशिकचा विक्रांत सरपोतदार गुन्ह्यांवर पॉडकास्ट करायचा आणि श्रोते त्याला न्यायाधीशच समजायचे. त्याचा एक नियम होता: खरा माणूस तीन सेकंदांत उत्तर देतो, चोर अडखळतो. त्याच्याच सोसायटीतल्या चोरीबद्दल विचारल्यावर वॉचमन गांगुर्डेकाका अडखळले. विक्रांतने त्यांना चोर ठरवलं आणि त्यांची नोकरी गेली.

काकांची बाजू मांडायला खासगी गुप्तहेर शलाका ढगे त्याच्या लाइव्ह कार्यक्रमात आली.

"मॅडम, तुम्ही लग्नाळू मुलांच्या चौकश्या करता ना? गुन्ह्यांचं आमच्यावर सोडा," विक्रांत हसला.

"एकच विचारते. गेल्या मंगळवारी दुपारी चारला तुम्ही कुठे होतात?"

"मंगळवारी... थांबा हं... जिमला? नाही, जिम सोमवारी..." मग त्याला आठवलं. "अहो, इथेच होतो. गांगुर्डेंचा भाग रेकॉर्ड करत होतो."

शलाकाने मोबाइलवरचं स्टॉपवॉच दाखवलं. "अकरा सेकंद."

"म्हणजे मी चोर?"

"नाही. पण ज्या दुपारी तुम्ही एका माणसाची नोकरी घालवलीत, ती तुम्हालाच पटकन आठवेना. काकांना तर तुम्ही महिन्यापूर्वीचं विचारलं होतं."

विक्रांत अडखळला. ऐकणारे सेकंद मोजत राहिले. त्यांत सोसायटीचे चेअरमनही होते. दुसऱ्या सकाळी काका पुन्हा गेटवर उभे होते.