फुगलेल्या पानांचं कपाट

डोंगरापलीकडच्या एका गावात एक म्हातारे ग्रंथपाल होते. माणूस प्रेमळ, पण पुस्तकांच्या बाबतीत भारी कडक. पुस्तकावर डाग पडला की त्यांच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा.

पुस्तक परत आलं की ते पान न् पान उलटून बघत. एखादं पान भिजून फुगलेलं दिसलं की ओरडत, "पाणी पिता पिता वाचता काय रे?" मग ते पुस्तक कोपऱ्यातल्या बंद कपाटात जायचं. मुलांना द्यायची ती कोरी करकरीत पुस्तकं. विनोदांची, कोड्यांची, सामान्यज्ञानाची. ती कायम कोरीच राहत, कारण अर्ध्यावरच परत येत. पण हे ग्रंथपालांच्या लक्षात कधी आलं नाही.

त्या गावात शेवंती नावाची मुलगी मावशीकडे राहायला आली. तिची आई नुकतीच गेली होती. शेवंती रडत नव्हती, भांडत नव्हती, बोलतही नव्हती.

मावशी वाचनालयात आली. "आजोबा, पोरीला हसवेल असं काहीतरी द्या हो."

त्यांनी विनोदाचं पुस्तक दिलं. ते दुसऱ्या दिवशी परत आलं. कोड्यांचं दिलं, तेही आलं. असं करता करता कोऱ्या पुस्तकांची फळी संपली.

"आता राहू द्या," मावशी म्हणाली. "तिला माझ्या घरात करमतच नाही. सोमवारी वसतिगृहात नेऊन घालते. तिथे बरोबरीच्या मुली तरी भेटतील."

ग्रंथपालांनी फळीकडे पाहिलं. चांगलं असं एकही पुस्तक उरलं नव्हतं. नाइलाजाने त्यांनी ते बंद कपाट उघडलं आणि हाताला आलेली कादंबरी बाहेर काढली. तिची बरीच पानं सरळ होती, पण मधली दोनच पानं फुगली होती. त्यांनी दुसरी कादंबरी पाहिली. तिथेही तसंच.

'पाणी सांडलं असतं तर कुठेही सांडलं असतं,' त्यांच्या मनात आलं. म्हणून ते पहिली कादंबरी घेऊन वाचायला बसले. आई गेलेल्या घरातल्या दोन बहिणींची गोष्ट होती. धाकटी रोज आईचं ताट मांडायची, आणि थोरली ते कधी उचलायची नाही. फुगलेलं पान आलं, आणि त्यावर टपकन एक थेंब पडला. ग्रंथपालांनी छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं.

मग मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चष्मा पुसून ते पुस्तक घेऊन मावशीच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती. मागून शेवंती आली आणि तिने मावशीच्या पाठीला डोकं टेकलं.

"मावशी, पुढचं तू वाच ना. मला अक्षरं दिसत नाहीत गं."

मावशीने पिठाच्या हातांनीच पुस्तक घेतलं. चार ओळी वाचल्या आणि तिलाही अक्षरं दिसेनात. तव्यावरची भाकरी करपली. दोघी एकमेकींना धरून खूप रडल्या.

सोमवारी मावशी पुस्तक परत घेऊन आली. "रागावू नका हं आजोबा. पान भिजलंय, पीठही लागलंय. खराब झालं पुस्तक."

"खराब कसलं? चांगलं वाचलं गेलंय," ग्रंथपाल म्हणाले. मग त्यांनी भीत भीत विचारलं, "आणि ते वसतिगृह?"

"कुठलं वसतिगृह?" मावशी म्हणाली. "शेवंतीने काल तिच्या आईचं ताट मांडलं. मी वाढलं त्यात. मग एकाच ताटात दोघी जेवलो."

त्या दिवसापासून ते कपाट दाराशी आलं, आणि त्याचं कुलूप कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

तात्पर्य एवढंच: मुलांना पुस्तक निवडून देताना ते किती कोरं राहिलं ते पाहू नका, ते वाचून कोण कुणाच्या जवळ आलं ते पाहा.