विहिरीवरची हाक
निंबसांगवी गावातल्या लहानशा ख्रिस्ती देवळात शांतवनबाबा प्रभूची सेवा करीत होते, तेव्हाची ही हकिगत. एका उन्हाळ्यात सगळ्या गावाच्या विहिरी आटल्या, पण देवळामागच्या विहिरीला पाणी होते. बाबांनी प्रार्थना केली म्हणून ते टिकले, अशी भाविकांची श्रद्धा.

ओबद्या पारखे या तरुणाला मात्र हे पटेना. तो शहरात ईश्वरविज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकत होता आणि सुटीत मामाकडे आला होता. या भोळ्या मंडळींना कोणीतरी फसवते आहे, असा संशय त्याच्या मनात बसला होता. बाबा कोठे जातात, कोणाशी बोलतात, यावर तो बारीक नजर ठेवी.

विधवा रूथबाई पाणी शेंदण्याआधी रोज हात जोडीत. ओबद्या चारचौघांत म्हणाला, "विहिरीला नमस्कार करता? ही मूर्तिपूजा झाली! तुमच्या बाबांनी हेच शिकवलं का?"

लोक हसले. म्हातारी खाली मान घालून म्हणाली, "विहिरीला न्हाय दादा. पानी देनाऱ्याला."

पुढच्या रविवारी पिंपळदरीला नवे देऊळ प्रभूला अर्पण करण्याची उपासना होती. बाबांबरोबर सारा गाव तिकडे गेला. गुडघे धरल्यामुळे रूथबाई तेवढ्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या घरी राहिल्या. ओबद्याने ही संधी साधली. विहिरीत लपवलेला नळ असणारच, तो शोधायचा आणि बाबांचे पितळ उघडे पाडायचे! साडेअकराच्या सुमारास खोबण्यांत पाय रोवत तो आत उतरला. नळ कोठेच दिसेना. अचानक पायाखालचा दगड निसटला आणि तो पाण्यात कोसळला. पोहता येत नव्हते. दोनदा बुडून वर आला, ओरडला. पण ऐकणार कोण?

इतक्यात दोर खाली आला. काठावर रूथबाई होत्या! त्याने कसाबसा दोर काखेखालून बांधला आणि त्याची शुद्ध हरपली.

डोळे उघडले तेव्हा तो काठावर होता.

"तुम्ही एकटीनं मला ओढलंत?" त्याने विचारले.

"एकटी कशी? माज्या मागून कुनीतरी जोरानं दोर वढत हुतं. वळून बघाया सवड कुटली? आन् मला इकडं धाडलं बी बाबांनीच. 'रूथ, दोर घेऊन विहिरीवर पळ!' असा आवाज आला त्यांचा."

पण बाबा तर तीन कोसांवर होते! म्हातारी आपल्या पाळतीवर असणार, असे ओबद्याला वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने पिंपळदरी गाठली आणि तिथल्या वडील मंडळींना खोदून खोदून विचारले. एक वृद्ध म्हणाले, "साडेअकराच्या सुमारास उपदेश मध्येच थांबला बघा. 'रूथ, दोर घेऊन विहिरीवर पळ!' असं ओरडून बाबा प्रार्थनेला लागले, आणि थोड्या वेळानं दोन्ही मुठी आवळून मागं रेलले. घामाघूम झाले होते. आम्हाला वाटलं, भोवळ आली."

ती वेळ ऐकून ओबद्याच्या अंगावर काटा आला. तरी संशय सुटेना. परत येऊन तो थेट बाबांपुढे उभा राहिला.

"बाबा, हात दाखवा."

बाबांनी हात पुढे केले. दोन्ही तळहातांवर दोराचे ताजे, लालभडक वळ उमटले होते!

ओबद्या बाबांच्या पायांवर वाकू लागला, तसे बाबा मागे सरले आणि म्हणाले, "मी फक्त प्रार्थना केली, बाळा. वाचवणारा प्रभू. आणि हाक ऐकून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी धावली ती कोण?"

रूथबाई देवळाचे अंगण झाडत होत्या. पाण्यासाठी जमलेल्या सगळ्या मंडळींदेखत ओबद्या त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांवर त्याने डोके ठेवले.