आधी पाणी, मग नाव

वेळणेबंदरच्या जुन्या बंदरबंगल्यात मुक्कामाला गेलात, तर टेबलावरची नोंदवही पालथी घातलेली दिसेल. आधी पाणी येते. पेला रिकामा झाल्याशिवाय राखणदार नारोबा तुमचे नावसुद्धा विचारत नाहीत. शहरातल्या पाहुण्यांना याचे हसू येते. मग नारोबा त्यांना ओट्यावर बसवतात आणि भिवराची गोष्ट सांगतात.

भिवरा, असे सांगतात, या बंगल्याची पहिली राखणदारीण. नवरा धाकू तांडेल गलबत घेऊन मलबाराकडे गेलेला. त्या वर्षी दक्षिणेच्या बंदरांत पटकीची साथ उठली आणि माणसे पटापट मरू लागली. बंगल्याच्या साहेबाने हुकूम काढला की, समुद्राकडून येणाऱ्याने नाव, गाव, गलबत सांगितल्याशिवाय त्याला पाणीही द्यायचे नाही. भिवराच्या पदरी दोन लहान मुली. तिला हुकमापेक्षा त्यांचीच धास्ती मोठी. तिने रवळनाथाला नवस बोलला, "साथ उंबऱ्याभायर ठेव, माजो घो सुखरूप घराक हाड. नाव कळल्याबगर मी कोणाक पाणी देवचंय नाय."

नवस तिने तंतोतंत पाळला. तिथेच घात झाला.

एका दुपारी किनाऱ्याकडून एक माणूस रांगत पायरीशी आला. दाढी वाढलेली, तोंड उन्हाने सोलून काळेठिक्कर, त्यावर मिठाची खपली. भिवरा तांब्या घेऊन दारात उभी राहिली.

"नाव सांग, मगे पाणी."

त्याने ओठ हलवले, पण जीभ सुजून टाळ्याला चिकटली होती. त्याने तांब्याकडे हात केला. तिने दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. पाठीशी मुली उभ्या होत्या. माणसाने पायरीवर डोके टेकले, ते पुन्हा उचलले नाही.

मेलेला परका असला तरी त्याचे तोंड धुवावे, ही गावची रीत. भिवराने लांबूनच त्याच तांब्यातले पाणी त्याच्या तोंडावर ओतले. मीठ वाहून गेले आणि खाली धाकू निघाला. त्याचे गलबत खडकावर फुटले होते म्हणे. पटकीचा त्याला वाराही लागला नव्हता.

भिवरा रडली नाही, असे गाव सांगते. नारोबांना ते पटत नाही. "दर्यार जावन रडली असतली," ते म्हणतात, "आयकूक थयसर कोण होतो?"

पुढे तीस वर्षे तिने बंगला सांभाळला, पण कुणाला नाव विचारले नाही. साहेब संतापला, तरी नाही. शेवटच्या घटकेला मुलींनी तोंडात घालायला पाणी आणले, तर तिने ओठ मिटून घेतले.

"आधी माजा नाव इचारा."

धाकटीने रडत विचारले, "आवशी, तुजा नाव काय?"

भिवराने सांगितले नाही. कोरड्या तोंडानेच गेली.

आजही बंदरबंगल्यात तहान नसली तरी पाहुण्याला पेला रिकामा करावाच लागतो. एखादा नको म्हणालाच, तर म्हातारे नारोबा पेला हातात धरून त्याच्यासमोर तसेच उभे राहतात.