पाठमोरी आई

“सर, जी मुलगी चित्रात आईला तोंडच काढत नाही, तिचं काय करायचं?”

या प्रश्नाने रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. सकाळी लेकीला, रेणूला घेऊन मी थेट कुंभोजकर सरांकडे गेले. पॉलिटेक्निकला त्यांनी आम्हाला इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवलं होतं. बालमानसाशी त्यांचा संबंध नव्हता, पण मला दुसरं कोण सुचणार?

मी रेणूच्या चित्राचा कागद पुढे केला. विषय, ‘माझी आई’. एक मोठा गोल, त्यात एक छोटा गोल, खाली भलामोठा चौकोन. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत.

“बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना?”

“आहे?”

“कालपर्यंत होतं.”

सरांनी कपाटातून एक लाकडी ठोकळा काढला. मुठीत धरून त्याचं फक्त टोक मला दाखवलं.

“काय आहे?”

“सर, हे पहिल्या वर्षाचं झालं. मी ऑफिसात रोज ड्रॉइंगचंच काम करते.”

“मग चुकणार नाहीस.”

“गोल दिसतोय. सिलिंडर असेल. शंकूही असेल… चेंडूसुद्धा. नाही सांगता येणार.”

“का?”

“एकच बाजू दिसतेय ना, सर.”

“आणि पोरीच्या कागदावर किती बाजू आहेत?”

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. एकच.

सर रेणूकडे वळले. “काय गं, आईला कुठून बघितलंस?”

“मागून. स्कूटरवर.” तिने छोट्या गोलावर बोट ठेवलं. “हा अंबाडा. ही ऑफिसची सॅक.”

हे मी तिला विचारलंच नव्हतं. बाईंनीही नाही.

क्षणभर हायसं वाटलं. मग लगेच दुसरं सुचलं. मला सुचतंच.

“सर, हे तर जास्तच वाईट! म्हणजे पोरीला आईची पाठच तेवढी ठाऊक…”

“ऊठ.”

“अं?”

सरांनी भिंतीपासून हातभर अंतरावर स्टूल ठेवलं. “बस. भिंतीकडे तोंड करून.”

तिशी उलटलेली मी, शिक्षा झाल्यासारखी बसले. मागे सर रेणूला सांगत होते.

“इथून दिसतं, ते सरळ रेषेने काढायचं. दिसत नाही पण आहे, ते तुटक रेषेने. अशी… थोडी रेष, थोडी जागा. थोडी रेष, थोडी जागा.”

“दिसत नाही तर कळणार कसं?”

“पलीकडे जाऊन बघून यायचं. अंदाजाने ठोकायचं नाही.”

शेवटचं वाक्य जरा मोठ्याने होतं. ते रेणूसाठी होतं असं मला वाटत नाही.

पावलं वाजली. स्टूल आणि भिंतीच्या फटीत रेणू घुसली. कमरेवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढं निरखून तर लग्नाआधी पाहायला आलेल्यांनीही बघितलं नव्हतं. मी हसून पाहिलं. ते आधार कार्डावरच्या फोटोसारखं झालं असणार. ती हसली नाही. मान डोलावली, आणि गेली.

मागे पेन्सिल वाजू लागली. थोडी रेष, थोडी जागा.

ओठ वर वळवले असतील की खाली?

“रेणू… कशी दिसते गं आई?”

पेन्सिल थांबली.

“सर, तुम्ही तरी सांगा. हसरी आहे का?”

“मला काय विचारतेस?” सर म्हणाले. “बघून ती आली.”

मला राहवेना. मी मान वळवायला लागले, तेवढ्यात फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यामागे कुणीतरी धापा टाकत खुर्चीवर चढत होतं. एक चिकट हात माझ्या खांद्यावर आधाराला टेकला.

“आई, हलू नको ना,” रेणू म्हणाली. “अजून तुला वरून बघायचंय.”