वरचा मळा, खालचा मळा

एका गावात एक बुरूड आणि त्याची बायको राहत होती. गोष्ट फार जुनी नाही, अगदी कालपरवाचीही नाही. मधल्याच कुठल्यातरी काळातली समजा. बुरडाचं नाव शिदा, बायकोचं येसू. शिदा कळकाचे बांबू चिरायचा, येसू टोपल्या विणायची, आणि त्यांची लेक सोनकी ओसरीवर एका पसरट पाटीत बसून आईच्या हातांकडे टकामका बघायची. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली ही लेक. तिला नुसती शिंक आली तरी येसूचा हात विणता विणता थांबायचा.

त्या गावाला दोन मळे होते. डोंगराच्या उतारावर धुरपामावशीचा वरचा मळा. धुरपा शेणखत घालायची, पालापाचोळा कुजवायची, आणि अळ्या हातानं वेचायची. तिची भाजी लहानखुरी, पानांना भोकं पडलेली, आणि असायचीही थोडीच. नदीकाठी होता राघोमामाचा खालचा मळा. राघो गोणीतलं दाणेदार खत टाकायचा, पाठीला पंप लावून औषध फवारायचा. त्याची भाजी टवटवीत, ठसठशीत, आणि बारा महिने मिळायची. धुरपा आणि राघो सख्खे बहीण-भाऊ. पण गावाला त्यांच्या नात्याचा विसर पडला होता. गावात नुसते दोन तट होते, वरच्या मळ्याचे आणि खालच्या मळ्याचे.

सोनकीचं उष्टावण झालं आणि येसूनं मोठ्या हौसेनं तिच्यासाठी भोपळा उकडला. पाण्याला ओढ्यावर गेली तेव्हा कौतुकानं सांगितलंही.

"भोपळा? कुठला गं?" एकीनं विचारलं.

"खालच्या मळ्यातला."

"अगं बाई! तो राघो औषधं मारतो. एवढंसं पोर, एवढंसं त्याचं पोट. विष घालतेस की काय लेकीला?"

येसूनं घरी येऊन भोपळा उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं धुरपामावशीचा पालक आणला, तर ओढ्यावर दुसरीनं नाक मुरडलं. "असली किडकी पानं? शेणात वाढलेली? पोरीला जंत होतील, मग बसशील कपाळाला हात लावून."

येसूनं पालकही टाकला.

"मग पोरीनं खायचं तरी काय?" शिदानं विचारलं.

"पेज. पेजेला कुणी नाव ठेवत नाही."

झालं. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. विषाची भीती नको, किड्याची भीती नको. येसूला वाटलं, आपण लेकीला सगळ्या संकटांपासून वाचवलं.

पण सोनकी उतरू लागली. गालावरची लाली गेली. रांगत उंबऱ्यापर्यंत धावणारी पोर पाटीत बसल्या जागी डोकं टेकून पडू लागली. रडायची तीही बारीक आवाजात, जणू रडायलाही अंगात जोर लागतो. पेजेची वाटी दिसली की तोंड फिरवायची. येसू नवस बोलली, दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पोर काही खुलेना.

एके सकाळी शिदानं हातातला कोयता खाली ठेवला. "येसू, ओढ्यावरच्या बायकांपैकी कुणी मळ्यात पाऊल टाकलंय का कधी?"

"मला काय ठाऊक?"

"आपल्या टोपल्या दोन्ही मळ्यांत जातात. आज तू पोचव. लेकीला बरोबर घे. कुणाच्या तोंडचं ऐकू नको. जे आहे ते डोळ्यांनी बघून ये."

येसूनं डोक्यावर टोपल्यांची चळत घेतली, सोनकीला कडेवर घेतलं आणि आधी डोंगराची वाट धरली.

वरच्या मळ्याच्या कुंपणाशी ती पोचली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन नुकतंच पडू लागलं होतं. आत पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. पायाखालची जमीन मऊ होती, लोण्यासारखी दबत होती. मेथीच्या वाफ्यावर कोळ्यांनी जाळी विणली होती आणि प्रत्येक जाळीवर दव लखलखत होतं. आपण आयुष्यभर विणतोय, पण असं विणकाम आपल्या हातून होणे नाही, असं तिच्या मनात आलं. भोपळ्याच्या पिवळ्या फुलांत मधमाश्या शिरत होत्या, अंगभर पराग माखून बाहेर येत होत्या. कुठं कुणी ओरडत नव्हतं, पण सगळीकडे काम चाललं होतं.

"बघतेस काय नुसती? इकडे ये," धुरपामावशीनं हाक मारली. ती खताच्या ढिगाशी उभी होती. ढिगातून वाफा निघत होत्या. "हात घाल आत."

येसूनं भीत भीत हात घातला आणि पटकन मागे घेतला. "मावशी, हा तर गरम आहे! खाली विस्तव आहे का?"

"विस्तव कसला? पाला कुजतोय. जीव काम करतात ना, त्यांची ऊब ती." मावशीनं ओंजळभर माती उचलली. मातीत गांडुळं वळवळत होती, पांढरी मुळं होती, आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेला एक एवढासा किडा तिच्या बोटावर चढत होता. "हा मावा खातो, पानांवरची ती बारीक कीड. माझा गडी म्हण ना. न बोलावता येतो, काम करून जातो."

येसू त्या ओंजळीकडे बघत राहिली. पायाखाली एवढं मोठं गाव नांदतंय आणि आपण रोज त्याच्यावरून चालत जातो, याची तिला कधी कल्पनाच नव्हती. तिनं नकळत चपला काढून बाजूला ठेवल्या.

तेवढ्यात मावशीनं मटाराची एक शेंग सोलली. एका दाण्यात अळी होती. तो दाणा तिनं काढून टाकला, बाकीचे धुऊन चिमटीत अगदी मऊ चुरले, आणि येसू "अहो मावशी" म्हणेपर्यंत सोनकीच्या ओठाला लावले.

सोनकीनं जीभ बाहेर काढली. चव घेतली. डोळे मोठे केले. मग मावशीचं बोट दोन्ही हातांनी धरून तोंडाकडे ओढलं.

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, ठरलं. आता लेकीसाठी सगळं तुमच्याच मळ्यातलं नेणार. बारा महिने."

धुरपा खळखळून हसली. "बारा महिने? अगं, आत्ता थंडी आहे म्हणून एवढं दिसतंय. उन्हाळ्यात माझी मलाच पुरत नाही. आज माझ्या चुलीवर काय शिजतंय, ठाऊक आहे? राघोचा दुधी."

येसूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "खालच्या मळ्यातला? तुम्ही खाता?"

"मग काय उपाशी बसू? माझी भाजी चांगली, यात शंका नाही. पण नसलेल्या भाजीनं कुणाचं पोट भरत नाही, पोरी. जा, त्यालाही भेट."

पालकाची एक जुडी घेऊन येसू डोंगर उतरली. डोक्यात नुसता गोंधळ होता.

खालच्या मळ्यात शिरताना तिनं मन घट्ट केलं होतं. पण तिथंही तिचे पाय थबकले. विहिरीचं पाणी पाटातून खळाळत धावत होतं आणि नजर पोचेल तिथवर कोबीचे गड्डे, पुनवेचे चंद्र जमिनीवर उतरावेत तसे. मांडवाला दुधी लोंबत होते, एकेक कोपरापर्यंत लांब. एवढं अन्न तिनं एका जागी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे बैलगाडीत टोपल्या चढत होत्या. तिच्याच हातच्या टोपल्या, गच्च भरलेल्या, आसपासच्या साऱ्या गावांना निघालेल्या. किती चुली पेटणार असतील यावर, किती पोरांची तोंडं हलणार असतील!

ती अशी हरखून टोमॅटोच्या वाफ्याशी उभी होती. कडेवरच्या सोनकीनं वाकून एक लालबुंद टोमॅटो मुठीत धरला.

"हात काढ! आधी तिचा हात काढ!"

राघोमामा बांधावरून धावत आला. त्यानं सोनकीची मूठ सोडवली, तिला तशीच उचलून पाटाशी नेलं आणि वाहत्या पाण्यात तिचा हात खसाखसा धुतला, पुन्हा साबण लावून धुतला. मग येसूला वाफ्याच्या तोंडाशी खोचलेली कडुनिंबाची डहाळी दाखवली. "ही दिसली नाही तुला? आजच औषध मारलंय इथं."

येसूनं लेकीला ओढून जवळ घेतलं. "म्हणजे बायका म्हणतात ते खरंच आहे. विषच आहे ते."

"आज आहे," राघो म्हणाला. त्यानं काही लपवलं नाही. "अळीला मारतं ते तुझ्या लेकीला काय कुरवाळणार? म्हणून तर डहाळी खोचतो. ती वाळून तिची पानं गळेपर्यंत त्या वाफ्याला माझ्या घरचंही कुणी हात लावत नाही, आणि मी बाजारात नेत नाही."

"मग मारता कशाला मामा?"

राघो बांधावर बसला. "एका साली नाही मारलं. धुरपाआक्का म्हणाली म्हणून. अळीनं अख्खा मळा चरला. त्या पावसाळ्यात गावात भाजीचं पान नव्हतं. पोरांचे ओठ चिरले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेव्हापासून मारतो. आनंदानं नाही मारत."

येसूनं विचारलं, "तुमच्या घरी काय खाता?"

"पालेभाजी आक्काची. मेथी, पालक, कोथिंबीर. पानाला साल थोडीच असते काढायला? दुधी, भोपळा, कोबी माझा. वरचं काढायचं, स्वच्छ धुवायचं, शिजवायचं. अगं, आम्ही भाऊबहीण एकमेकांचं खाऊन जगतो. भांडतं ते गाव."

त्यानं डहाळी नसलेल्या वाफ्यातला एक कोवळा दुधी तोडून तिच्या हातात ठेवला.

दुपारी येसू घरी आली. शिदानं चूल पेटवली. तिनं दुधीची साल काढली, पालकाचं पान न् पान उलटसुलट करून धुतलं, मूगडाळीबरोबर दोन्ही एकाच पातेल्यात मऊ शिजवलं. वाटीत काढलं, निववलं. पण घास उचलला आणि तिचा हात अधांतरी थांबला. कानात एकीचं 'विष' घुमत होतं आणि दुसरीचं 'किडकी'. चुलीशेजारी पेजेचं मडकं होतं. पेज द्यायला काहीच धाडस लागत नव्हतं.

तिनं सोनकीकडे पाहिलं. ते फिके ओठ, ती बारीक झालेली मान. आणि तिला कळलं की आपण लेकीला ज्याच्यापासून वाचवत होतो ते तिच्यापर्यंत आलंच नव्हतं. तिला खात होती ती आपली भीती.

येसूनं घास भरवला.

सोनकीनं गिळला आणि चिमणीच्या पिलासारखं तोंड पुन्हा उघडलं. आणखी एक. आणखी एक. येसू भरवत होती आणि बघत होती. या एवढ्याशा घासात डोंगरावरचं ऊन होतं, अंधारात राबणारी गांडुळं होती, विहिरीचं पाणी होतं, मधमाश्यांची ये-जा होती, दोन हट्टी माणसांचा जन्मभराचा घाम होता. आणि आता ते सगळं तिच्या लेकीचं रक्त होणार होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळातही येत नाही असा.

पुढचं काय सांगावं? होळी येईतो सोनकीच्या गालांवर लाली परतली. ती रांगत उंबरा ओलांडू लागली, मग भिंत धरून उभी राहू लागली.

ओढ्यावर बायकांनी येसूला घेरलं. "सांग ना, कुठल्या मळ्यातलं घातलंस?"

"दोन्ही."

"असं कसं? चांगलं तर एकच असणार!"

"मला नाही सांगता येत," येसू म्हणाली. "चला माझ्याबरोबर, दाखवते."

एकेक करून सगळ्याजणी मळे बघून आल्या. कडेवर पोरं घेतलेल्या आया बांधावरून फिरू लागल्या तसा राघोचा हात पंपावर जपून पडू लागला. जिथं कीड तिथंच औषध, एरवी नाही. दुधीच्या मांडवाखाली तो आक्काचं शेणखत घालू लागला. बायका वरच्या मळ्यात अळ्या वेचायला जाऊ लागल्या, म्हणून धुरपामावशीनं पडीक उतारावर नवे वाफे पाडले. दोघांपैकी कुणी आपला मळा मोडला नाही, की दुसऱ्याचा जिंकला नाही. पण गावातली पोरं धडधाकट झाली.

सोनकी बोलायला लागली त्या वर्षीची गोष्ट. येसू तिला घेऊन वरच्या मळ्यात गेली होती. मावशी म्हणाली, "ओढ बघू तो पाला." सोनकीनं दोन्ही हातांनी पाला धरला, पाय रोवले, आणि ओढता ओढता मागे धप्पकन बसली. हातात मुळा होता. पांढराशुभ्र, मातीनं माखलेला, जवळजवळ तिच्याएवढा.

तिनं मुळ्याकडे पाहिलं. मग जमिनीत पडलेल्या त्या काळ्याभोर भोकाकडे वाकून पाहिलं. अगदी हळू आवाजात, कुणाला जाग येऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं, "आई, आत कोण आहे?"

येसू लेकीशेजारी मातीत गुडघे टेकून बसली आणि तिनं जमिनीला हात जोडले. आईचं बघून सोनकीनंही जोडले.

तात्पर्य एवढंच: अन्नाला भिऊ नये आणि गृहीतही धरू नये. ते कुठून येतं ते डोळ्यांनी पाहावं, नीट निवडावं, स्वच्छ धुवावं, आणि मग हात जोडून पोटभर भरवावं. ऐकीव भीतीनं रिकामं ठेवलेलं ताट कुठल्याही किडीपेक्षा वाईट.